गाभ्यातला एक होकार

आमच्या मराठी विभागात शब्दकोशांच्या कपाटाला लागून एक जुना संगणक आहे. त्याचा पंखा एवढा आवाज करतो की शेजारच्या वर्गात तास घेणारे सहकारी दार लोटून घेतात. २०१० साली विज्ञान शाखेने तो निर्लेखनाच्या यादीत टाकला, तेव्हा आम्ही दोघांनी तो मागून आणला. कवितेच्या नादाने आमच्याकडे येऊन बसणाऱ्या विज्ञानाच्या एका विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स ही प्रणाली बसवून दिली. तेव्हापासून त्या यंत्राला एकच काम आहे. आमच्या सरांनी तीस वर्षे माणदेशातल्या वाड्यावस्त्यांवर हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिफितींवर घेतल्या होत्या. फिती जीर्ण होऊ लागल्या म्हणून आम्ही त्या या यंत्रात उतरवल्या, आणि ओवीगणिक शब्दांची सूची केली.

या ओव्या बाजारात कधीच आल्या नाहीत, आणि येणारही नाहीत. गाणाऱ्या बायांना सरांनी शब्द दिला होता की तुमचा आवाज कुठे विकला जाणार नाही, वाटला जाणार नाही. ज्याला ऐकायचा असेल तो विभागात येऊन ऐकेल. त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत. ज्याला दिला ती व्यक्ती गेली की शब्द सैल होतो असे मानणारे पुष्कळ असतात. सर त्यांतले नाहीत.

सर निवृत्त झाले, लेकीकडे नागपूरला गेले. गुडघे गेले, मग डोळे गेले. कान मात्र शाबूत राहिले. मागल्या दिवाळीत फोनवर म्हणाले, "अरे, सूची तपासायची राहिलीच. एकदा सगळं ऐकायला हवं." आम्ही म्हणालो, "सर, प्रत काढून पाठवतो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "प्रत नको. शब्द मी दिलाय. पण आवाज तिथंच राहिला आणि मी इथून ऐकला, तर ते विभागात येऊन ऐकल्यासारखंच नाही का?"

यावर आम्हा दोघांत चार दिवस वाद झाला. एकाचे म्हणणे, ही पळवाट आहे. दुसऱ्याचे म्हणणे, शब्दाचा अर्थ ज्याने दिला त्यालाच लावू द्यावा. शेवटी ठरले की यंत्र जागचे हलवायचे नाही, प्रत बाहेर जाऊ द्यायची नाही, फक्त सरांना दारापर्यंत येता येईल एवढी वाट करायची. ती वाट करताना जे शिकावे लागले, त्याविषयी हे टिपण आहे. साहित्याच्या पानावर असा विषय आणल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण आमच्या दृष्टीने तो इतका परका उरलेला नाही.

पहिली अडचण पत्त्याची होती. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो, आणि तो कसा लिहावा, कसा वाचावा याचे नियम म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल. प्रोटोकॉलला आम्ही मनातल्या मनात 'संकेत' म्हणू लागलो. काव्यशास्त्रात अभिधा जिच्या आधाराने चालते ती गोष्टही संकेतच: या शब्दाने हा अर्थ घ्यायचा, असे सर्वांनी मान्य केलेले. १९८१ साली नोंदलेला चौथ्या आवृत्तीचा संकेत आजही चालू आहे. त्यात पत्त्याला बत्तीस द्विमान अंकांची जागा आहे, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्या काळी हा आकडा कधी न संपणारा वाटला असेल. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले आणि तो साठा संपला.

मग आजवर चालले कसे? वाड्यात बिऱ्हाडे राहायची तसे. वाड्याला पत्ता एक, आत बिऱ्हाडे वीस. आतून पत्र बाहेर जाते. त्याचे उत्तर आले की देवडीवरचा माणूस आपली वही बघतो आणि ते नेमक्या बिऱ्हाडात पोचते करतो. पण बाहेरच्या कोणी आपण होऊन पहिले पत्र धाडले, तर ते कोणाचे, हे देवडीला कळत नाही. ते परत जाते. आमच्या महाविद्यालयाने घेतलेल्या नव्या जोडणीत तर वाड्यांचाही वाडा झालेला होता. एकाच पत्त्याआड कितीतरी ग्राहक. आमचे यंत्र जगातले काहीही पाहू शकत होते, मात्र जगातल्या कोणालाही, म्हणजे नागपूरच्या सरांनाही, त्याचे दार ठोठावता येत नव्हते.

यावरचा उपाय जुनाच आहे. नव्या संकेताचा पहिला मसुदा डिसेंबर १९९५ मध्ये आला, आणि १९९८ मध्ये तो सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाला. ही सहावी आवृत्ती; पाचवा क्रमांक ध्वनी आणि चित्र यांच्या सलग प्रवाहाच्या एका प्रयोगात खर्ची पडला होता. सहाव्या आवृत्तीत पत्ता एकशे अठ्ठावीस द्विमान अंकांचा असतो. एकूण पत्त्यांची संख्या दशमानात लिहायची तर एकोणचाळीस अंक लागतात. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला, बिऱ्हाडातल्या प्रत्येक फडताळाला स्वतःचा पत्ता मिळावा, एवढी ही जागा आहे. भारतात २०१६ नंतर मोबाइलच्या जाळ्यांतून ही आवृत्ती झपाट्याने पसरली. हे टिपण मोबाइलवर वाचणाऱ्यांपैकी अनेक जण, नकळत, तिच्याच वाटेने इथवर आलेले असतील. सरांचा मोबाइलही त्याच वाटेवर होता.

आमच्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता पुण्यात संगणकाच्याच व्यवसायात आहे. सगळे ऐकून घेऊन तो हसला. "सर, मॅडम, नव्या जोडणीत सहाव्या आवृत्तीचा पत्ता मिळतोच. पण आपल्या मशीनच्या कर्नेलमध्ये त्याला मीच नाही म्हटलं होतं. मेमरी कमी होती. आणि तेव्हा वाटलं, आपल्या हयातीत कोण विचारतंय?"

कर्नेल म्हणजे गाभा. पडदा, खिडक्या, टंकलेखन ही सगळी सभामंडपातली वर्दळ. यंत्राच्या धातूशी प्रत्यक्ष बोलणारा भाग गाभ्यात असतो. लिनक्सचा गाभा ज्याचा त्याला घडवता येतो. मूळ संहिता सर्वांना उपलब्ध असते, आणि ती यंत्राच्या भाषेत उतरवण्याआधी हजारो प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात: अमुक तबकडी ओळखू का, तमुक जाळे समजून घेऊ का. बहुतेक उत्तरे तीनच प्रकारची. हो, म्हणजे ते गाभ्यातच मुरवा. नाही, म्हणजे घेऊच नका. आणि तिसरे 'मॉड्यूल', म्हणजे वेगळे ठेवा, लागले तर आत बोलवा.

नवी प्रणालीच बसवा, असा सल्ला संगणक विभागाने दिला होता, आणि एरवी तो योग्यच आहे. पण आमची सूची युनिकोडच्या आधीच्या एका फाँटमध्ये टंकलेली, आणि ओवीचा नेमका तुकडा वाजवणारी आज्ञावली त्याच जुन्या प्रणालीवर चालणारी. तो डोलारा हलवायचा तर वर्ष गेले असते. सरांचे वय पंच्याऐंशी. तेव्हा ठरले: जुनीच संहिता, तोच गाभा, फक्त एक उत्तर बदलायचे.

एका शनिवारी दुपारी, फोनवर विद्यार्थ्याला धरून, आम्ही बसलो. आधी त्याने जुन्या उत्तरांची फाइल उघडायला लावली. हजारो ओळी. ज्यांना होकार दिला त्यांच्यापुढे बरोबरचे चिन्ह आणि एक अक्षर. ज्यांना नकार दिला त्या ओळी मात्र पुसलेल्या नसतात. त्यांच्यापुढे टिप्पणीचे चिन्ह टाकून, हे निवडलेले नाही, असे लिहून ठेवलेले असते. यंत्राच्या दृष्टीने टिप्पणी म्हणजे न वाचायचा मजकूर; पण उत्तरे गोळा करणारी आज्ञावली या टिप्पण्या वाचते. न विचारलेला प्रश्न आणि नाकारलेला प्रश्न यांत तिला फरक करता आला पाहिजे ना! सहाव्या आवृत्तीची ओळ तिथेच होती. चौदा-पंधरा वर्षे तो नकार शांतपणे तसाच बसून होता.

मग निळ्या पडद्यावरची निवडसूची उघडली. जाळ्यांसंबंधीचा विभाग, त्यातले पर्याय, त्यात ती ओळ, आणि तिच्यापुढे रिकामा कोनी कंस. आम्ही होकाराचे अक्षर दाबले. कंसात तारका उमटली, आणि त्या ओळीआड दडलेले, तोवर पडद्यावर नसलेले डझनभर प्रश्न दिसू लागले. शेजाऱ्यांची चौकशी कशी करायची, चौथ्या आवृत्तीच्या वाटेतून सहाव्या आवृत्तीची पाकिटे न्यायची का, येणाऱ्याजाणाऱ्यांवर पहारा ठेवायचा का. मूळ प्रश्नाला हो म्हटल्याशिवाय पुढचे प्रश्न आहेत हेही कळत नाही. अभ्यासक्रम बदलण्याच्या किती बैठकांत आम्ही पहिल्याच प्रश्नाला नाही म्हणून पुढची विचारणा टाळली आहे, ते आठवून आम्ही एकमेकांकडे पाहिले. असो.

संहिता यंत्राच्या भाषेत उतरायला संध्याकाळ झाली. यंत्र पुन्हा सुरू केले, काळ्या पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या, आणि मग सारे थिजले. मूळ तबकडी उघडता येत नाही, असा शेवटचा संदेश. पंखा तेवढा फिरत होता. त्या तबकडीवर साऱ्या ओव्या. राखीव प्रत विभागाच्याच कपाटात कुलूपबंद आहे हे ठाऊक असूनही हातपाय गार पडणे म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी कळले.

चूक आमचीच. निवडसूचीतून फिरताना भलत्याच ओळीवर बोट पडले होते, आणि तबकडीवरची मांडणी वाचणारा भाग गाभ्यात मुरवण्याऐवजी 'लागला तर बोलवा' या वर्गात गेला होता. त्याला बोलवायचे तर तबकडी उघडली पाहिजे, आणि तबकडी उघडायची तर तो हवा. कुलपाची किल्ली कुलपाच्या आत. विद्यार्थी फोनवर शांतपणे म्हणाला, "घाबरू नका. सुरू होताना यादी येईल, त्यात जुना कर्नेल आहे, तो निवडा." निवडला. यंत्र नेहमीसारखे उठून बसले. नवा गाभा घडवताना जुना पुसायचा नसतो, सुरुवातीच्या यादीत खाली ठेवून द्यायचा असतो, हा त्या मंडळींचा शिरस्ता आहे.

हा शिरस्ता संकेतांच्या इतिहासातही दिसतो, पण उलटसुलट. १ जानेवारी १९८३ रोजी, जाळे लहान होते तेव्हा, अमेरिकेतल्या अर्पानेटने जुना संकेत सोडून ठरल्या दिवशी नवा स्वीकारला. पुढे जाळे एवढे वाढले की असा दिवस ठरवणे अशक्य झाले. चौथी आवृत्ती जाणणाऱ्याला सहावीचा पत्ता वाचता येत नाही. दोन्ही एकत्र नांदवणे हाच मार्ग उरला. लिनक्सच्या गाभ्यात सहाव्या आवृत्तीची संहिता पहिल्यांदा नोव्हेंबर १९९६ मध्ये पेद्रो रोके यांनी घातली. २००० साली जपानमध्ये 'उसागी' नावाचा प्रकल्प सुरू झाला. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ ससा. त्यांनी ती संहिता घासूनपुसून चोख केली. तिच्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का निघायला २००५ साल उजाडले. एवढ्या काळात कोणी जुने हटवले नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहिले, आजही आहेत.

रविवारी चूक सुधारून पुन्हा गाभा घडवला. या वेळी तो उठला, आणि त्याने पहिली गोष्ट केली ती स्वतःला नाव घेण्याची. जाळ्याच्या पत्रिकेवर कारखान्यात कोरलेला क्रमांक घेऊन, त्याच्या पोटात ठरीव अक्षरे घालून, यंत्र आपला पत्ता आपणच तयार करते. पण तो लगेच वापरत नाही. आधी जाळ्यातल्या शेजाऱ्यांना विचारते: हे नाव तुमच्यापैकी कोणाचे आहे का? सेकंदभर वाट पाहते. कोणी बोलले नाही, तर नाव त्याचे. तोवर तो पत्ता तात्पुरता समजायचा. हे पहिले नाव घरगुती. राउटरच्या उंबऱ्याबाहेर ते चालत नाही. मग राउटर कुलनामासारखा पूर्वार्ध कळवतो, त्याला यंत्र आपला उत्तरार्ध जोडते, पुन्हा तीच विचारणा होते, आणि मग जगात वापरायचे नाव सिद्ध होते.

पडद्यावर आमच्या यंत्राचा तो लांबलचक पत्ता उमटला, तेव्हा आमचे लक्ष गेले ते त्यातल्या विसर्गांकडे. सोळा-सोळा द्विमान अंकांचे आठ गट, मधे विसर्गासारखे दोन टिंब. मात्र सलग शून्ये आली तर ती गाळून तिथे जोडविसर्ग टाकतात. वाचणाऱ्याला गट आठच असतात हे ठाऊक असते. दिसणारे गट मोजून तो गाळलेले भरून घेतो. हा शुद्ध अध्याहार आहे. त्याला मर्यादाही अध्याहाराचीच: एका पत्त्यात जोडविसर्ग एकदाच. दोनदा आला तर कोणत्या जागी किती गळाले ते ठरवता येत नाही, अर्थ संदिग्ध होतो. एकच पत्ता अनेक रीतींनी लिहिता येऊ लागल्याने गोंधळ झाला, तेव्हा ऑगस्ट २०१० मध्ये प्रमाणलेखनाचे नियम आले: अक्षरे लहान लिपीतली, गटाच्या आरंभीची शून्ये गाळावीत, जोडविसर्ग सर्वांत लांब शून्यमालिकेच्या जागी, दोन सारख्या असतील तर पहिलीच्या जागी. शुद्धलेखनाच्या नियमांवर आयुष्य काढलेल्या आम्हांला हे वाचून घरी आल्यासारखे वाटले. शिवाय '२००१:डीबी८' ने सुरू होणारा एक मोठा पट्टा फक्त पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखलेला आहे. तो कधीच कोणाचा नसतो. आपला अमका-तमका.

अशुद्धलेखनही भेटले. आपला माग कोणाला लागू नये म्हणून रोज बदलणारे तात्पुरते पत्ते घेण्याची सोय गाभ्यात आहे. तो पत्ता किती काळ पसंतीचा धरायचा, ते ठरवणाऱ्या मूल्याच्या नावात 'प्रिफर्ड' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग चुकले आहे. मधला 'आर' दोनदा हवा, तिथे एकदाच आहे. विद्यार्थ्याला विचारले, "अरे, इतक्या लोकांच्या नजरेखालून गेले, कोणी सुधारले कसे नाही?" तो म्हणाला, "त्या नावावर लोकांचे प्रोग्रॅम चालतात, मॅडम. सुधारलं तर ते मोडतील." बाहेरच्यांचे मोडायचे नाही, हा गाभ्याचा दंडक. चूक रूढ झाली, ती आता प्रमाण.

शेवटचा धडा पहाऱ्याचा. यंत्राला बाहेरून बंदोबस्त होता, पण तो चौथ्या आवृत्तीपुरता. त्या काळच्या लिनक्समध्ये दोन आवृत्त्यांचे पहारेकरी वेगळे असत, आणि एकाला दिलेले हुकूम दुसऱ्याला कळत नसत. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप, आणि आम्ही हौसेने पाडलेले मागचे दार सताड उघडे. ते ध्यानात आणून दिले नसते तर सरांचा शब्द आमच्या हातून मोडला असता. दुसऱ्या पहारेकऱ्याला हुकूम दिले: ऐकण्याची एक वाट, तीही परवलीच्या शब्दाने, बाकी सारे बंद. पण शेजाऱ्यांची विचारपूस करणारे निरोप अडवायचे नाहीत, कारण या आवृत्तीत त्यांच्यावाचून यंत्राला शेजारीच सापडत नाहीत.

बुधवारी संध्याकाळी सरांच्या लेकीने मोबाइलवर पत्ता उघडला. आमच्या यंत्रावर नागपूरहून आलेली पहिली नोंद उमटली, आणि थोड्या वेळाने पंख्याच्या घरघरीत तबकडीची कुरकुर मिसळली. इकडे आवाज येत नव्हता. तो तिकडे ऐकला जात होता. आम्ही दोघे उगाच खुर्च्या ओढून बसून राहिलो.

तीन दिवस सरांचा फोन नाही. चौथ्या दिवशी आला. अभिनंदन नाही, आभार नाहीत. "अरे, दुसऱ्या फितीत तुम्ही 'वेलावर' लिहिलंय. बाई 'वैलावर' म्हणतेय. चुलीच्या वैलावर दूध ठेवलंय तिनं. तुम्ही ते वेलीवर चढवलंत." आणि मग, थोडे थांबून, "आवाज अगदी समोर बसल्यासारखा येतोय रे."

सूचीत आम्ही दुरुस्ती केली. जुनी नोंद मात्र पुसली नाही. तिच्यापुढे टिप्पणीचे चिन्ह टाकून ती तशीच ठेवली आहे. सर आता सातव्या फितीवर आहेत.